पहिला नंबर कोणाचा?

भरधाव जाणाऱ्या एस.टी.समोर कमानदार मोरी आली, की क्षणभर पोटात गोळा उठतो, हे तुम्ही अनुभवले असेलच. शेवटच्या बाकावरची मुले तर चांगली चार बोटे वर उडतात आणि पुढची मोरी कधी येते याची वाट पाहत बसतात. त्या क्षणी पोटात नेमके काय होते? हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. आज आपण जेथे जाणार आहोत, तेथे माणसे पैसे मोजून आणि तासन्‌तास रांगेत उभी राहून असल्या मोऱ्या विकत घेतात!

अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, सँडस्की नावाचे शहर आहे. तेथे जमिनीची एक चिंचोळी पट्टी सरोवरात घुसली आहे. तिच्यावर १८७० पासून लोक हवा खायला जातात. हेच सीडर पॉइंट. येथे पहिला रोलर कोस्टर १८९२ साली उभा राहिला. त्याची उंची होती अवघी २५ फूट, म्हणजे साडेसात मीटर, आणि वेग ताशी १६ किलोमीटर. तुमची सायकल याहून जोरात जाते. आज त्याच जागेवर दीड डझनाच्या आसपास रोलर कोस्टर आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच ४२० फुटांचा, म्हणजे १२८ मीटरचा आहे. कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे, त्यावरून अंदाज करा.

माझी पुतणी क्लीव्हलंडजवळ राहते. तेथून हे उद्यान मोटारीने तासा-दीड तासाच्या अंतरावर. तिची दोन मुले गेल्या दिवाळीत पुण्यास आली, ती भांडतच आली. भांडण होते सीडर पॉइंटमधील रोलर कोस्टरांच्या क्रमवारीचे. थोरल्याने एका वहीत तक्ता केला होता : जो सर्वांत उंच तो पहिला, त्याच्या खालचा दुसरा, आणि याप्रमाणे पुढे. धाकटीला तो तक्ता मुळीच मान्य नव्हता. ती म्हणाली, “आजोबा, मॅग्नम २०५ फूट आणि स्टील व्हेंजन्सही २०५ फूट. मग दोन्हींत सारखेच का वाटत नाही?”

विद्यार्थी मित्रांनो, प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधता शोधता आमची सुटी संपली. तुम्हीही आमच्याबरोबर चला.

प्रथम थोरल्याची बाजू घेऊ, कारण उंचीला महत्त्व आहेच. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. साखळीने तिला पहिल्या चढावर ओढून नेतात आणि सोडून देतात. चढताना जी ‘टक्‌ टक्‌ टक्‌’ ऐकू येते, ती असते गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याची. रहाटाला असतो तसाच हा खटका. (२००० साली उभारलेल्या मिलेनियम फोर्समध्ये साखळीऐवजी पोलादी दोर वापरला आहे, त्यामुळे तो चढ जवळजवळ निःशब्द आहे. धाकटीच्या मते ही शांतताच अधिक भीतिदायक.) माथ्यावर पोचलेल्या गाडीजवळ जी स्थितिज ऊर्जा साठते, ती साऱ्या प्रवासाची शिदोरी. उतारावर तिचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते, पुढच्या चढावर पुन्हा उलट. वाटेत घर्षण आणि हवेचा विरोध आपापला हिस्सा काढून घेतात, म्हणून पुढचे डोंगर पहिल्यापेक्षा लहान ठेवावे लागतात.

घर्षण सोडून दिले तर वेग काढणे सोपे आहे. गाडी जेवढे मीटर खाली येते त्या आकड्याला २ ने आणि ९.८ ने गुणा आणि आलेल्या गुणाकाराचे वर्गमूळ काढा. उत्तर येते मीटर दर सेकंदास. मिलेनियम फोर्सचा पहिला उतार ३०० फुटांचा, म्हणजे ९१.४ मीटरचा आहे. गुणाकार १७९१, वर्गमूळ ४२.३, म्हणजे ताशी १५२ किलोमीटर. उद्यानाने दिलेला वेग ताशी ९३ मैल, म्हणजे १५० किलोमीटर! शाळेतल्या सूत्राने अटलांटिकपलीकडच्या गाडीचा वेग इतका अचूक निघावा, याचे मला या वयातही नवल वाटते. आता मॅग्नम. उतार १९५ फूट, म्हणजे ५९.४ मीटर. सूत्राने येतात ताशी १२३ किलोमीटर, प्रत्यक्षात ११६. आणि १९६४ सालचा ब्लू स्ट्रीक हा लाकडी रोलर कोस्टर? त्याचा उतार २२ मीटरचा. सूत्र म्हणते ७५, प्रत्यक्ष वेग ६४. जुना लाकडी मार्ग गाडीखाली लवतो, थरथरतो, कुरकुरतो. त्या प्रत्येक कुरकुरीची किंमत गाडीच्या ऊर्जेतूनच वसूल होते.

या हिशेबात गाडीचे वस्तुमान कोठेच आले नाही, हे ध्यानात आले का? भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांचा वेग सूत्रापुरता एकच. प्रत्यक्षात मात्र भरलेली गाडी थोडी जोरात जाते, कारण हवेचा विरोध माणसे मोजत नाही.

तर उंचीवरून वेग ठरतो. पण वेगामुळे मजा येते का? येथे थोरल्याच्या तक्त्याला पहिली चीर पडली. पृथ्वी आपल्याला घेऊन सूर्याभोवती दर सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते आहे, आणि तुम्ही हे मासिक आरामात वाचत बसला आहात! सरळ रेषेत एकसारखा असणारा वेग कितीही मोठा असला तरी शरीराला कळतच नाही. कळतो तो वेगातला बदल, म्हणजे त्वरण. आपल्या अंतर्कर्णात चुन्याचे अतिसूक्ष्म खडे एका लिबलिबीत पडद्यावर बसवलेले असतात. वेग बदलला की जडत्वामुळे ते मागे राहतात, पडदा ताणला जातो आणि मेंदूला बातमी पोचते. पोटातली आतडी, जठर हे अवयवही असेच सैलसर टांगलेले. मोरीवरचा ‘गोळा’ तो हाच.

आता मोरीकडे परत येऊ. बाकावर बसलेल्या तुमच्यावर दोन बले असतात : गुरुत्वाकर्षण खाली ओढते आणि बाक वर रेटतो. आपल्याला जे ‘वजन’ जाणवते ते गुरुत्वाकर्षण नव्हे, तो बाकाचा रेटा. गाडी कमानीवरून जाते तेव्हा तिचा मार्ग खाली वळत असतो. त्या वळणासाठी तुम्हाला खालच्या दिशेने त्वरण हवे आणि ते देणार गुरुत्वाकर्षणच. गुरुत्वाकर्षणाचा काही भाग या कामी खर्च झाला, की बाकाला तेवढा कमी रेटा द्यावा लागतो. सगळाच खर्च झाला तर बाकाचा रेटा शून्य. तुम्ही तरंगता! पुष्कळ विद्यार्थी, आणि क्वचित वर्तमानपत्रेही, या स्थितीला ‘गुरुत्वाकर्षण नाहीसे झाले’ असे म्हणतात. ते साफ चूक आहे. गुरुत्वाकर्षण तेथे पुरेपूर असते, उलट त्या क्षणी तुमच्यावर एकटे तेच असते. शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग जरूर करून दाखवावा. डब्याच्या बुडाशी भोक पाडून त्यात पाणी भरा, धार लागेल. मग डबा उंचावरून सोडून द्या. पडत असेपर्यंत धार बंद राहते. पाणी आणि डबा दोघेही एकाच त्वरणाने पडत असतात, मग पाण्याने डब्याच्या बुडाला रेटावे तरी का?

एस.टी.च्या शेवटच्या बाकाचे कारण थोडे निराळे आहे. तो बाक मागच्या चाकांच्याही मागे असतो, त्यामुळे तरफेच्या लांब टोकासारखा अधिक उचलला जातो. पण उडाल्यानंतर जे घडते ते हेच.

किती वळण असले म्हणजे माणूस तरंगेल? वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने भागले की लागणारे त्वरण मिळते. समजा गाडी टेकडीच्या माथ्यावरून ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात आहे. २० चा वर्ग ४००, त्याला ९.८ ने भागले तर ४१. माथ्याची त्रिज्या ४१ मीटर असेल तर प्रवासी नेमका तरंगेल. त्रिज्या १०० मीटर असेल तर त्याला फक्त थोडे हलके वाटेल. आणि २० मीटरच असेल तर? मग गुरुत्वाकर्षण एकटे पुरे पडणार नाही. त्याच्याएवढेच आणखी एक बल मांडीवरच्या दांड्याने खाली दाबून द्यावे लागेल. माणूस जणू आकाशाकडे पडतो आहे आणि दांडा त्याला धरून ठेवतो आहे, असे वाटेल.

धाकटीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. मॅग्नम १९८९ साली उभा राहिला तेव्हा पूर्ण फेरी मारणारा, २०० फुटांपेक्षा उंच असा जगातला तो पहिलाच रोलर कोस्टर होता. त्याचे रचनाकार रॉन टूमर यांना स्वतःला गाडी लागत असे, त्यामुळे ते आपल्या रचनांवर फारसे बसत नसत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. हलवायाने मिठाई न खावी तसे! मॅग्नमच्या पहिल्या टेकड्या मोठ्या आणि पसरट आहेत. शेवटच्या मात्र लहान आणि टोकदार, त्यामुळे तेथे प्रवासी अचानक उडतो. स्टील व्हेंजन्सची कथा वेगळी. १९९१ साली येथे मीन स्ट्रीक नावाचा अवाढव्य लाकडी रोलर कोस्टर बांधला होता. तो हादरे फार देई. २०१६ मध्ये तो बंद केला. त्याचा पुष्कळसा लाकडी सांगाडा ठेवून त्यावर पोलादी रूळ बसवले आणि २०१८ मध्ये नव्या नावाने सुरू केले. लाकडाच्या थरांपासून बनवता येणार नाहीत अशी अरुंद वळणे पोलादाला देता येतात. त्यामुळे साधारण १७५० मीटरच्या मार्गावर रचनाकारांनी एकामागून एक टेकड्या पेरल्या. उद्यानाच्या सांगण्यानुसार एका फेरीत प्रवासी एकूण २७.२ सेकंद आसनापासून सुटलेला असतो. उंची तीच, वेग जवळजवळ तोच (ताशी ११९ किलोमीटर), पण ती शिदोरी खर्च करण्याची रीत निराळी!

इतका वेळ वर उडणारी गाडी रुळांवरून सुटत कशी नाही, असे कोणी विचारील. उत्तर चाकांत आहे. प्रत्येक ठिकाणी चाकांचे तीन संच असतात : रुळावरचे, रुळाच्या कडेचे आणि रुळाच्या खालचे. खालच्या चाकाचे पेटंट जॉन मिलर या अमेरिकन रचनाकाराने १९१९ मध्ये घेतले. त्याआधी गाडी रुळांवर राहत असे ती निव्वळ स्वतःच्या वजनाने, त्यामुळे टेकड्या सौम्य ठेवणे भाग होते. आजची प्रत्येक थरारक टेकडी या खालच्या चाकाची ऋणी आहे. तरी त्याचे नाव कोठल्याही पाटीवर नसते.

आता तक्त्यातल्या पहिल्या नंबराकडे वळू : ४२० फुटांचा टॉप थ्रिल. थोरल्याचा हा लाडका. तो २००३ साली सुरू झाला तेव्हा त्यात साखळी नव्हतीच. दाबाखालच्या तेलाच्या जोरावर चालणारे यंत्र गाडीला सुमारे ४ सेकंदांत ताशी १९३ किलोमीटर वेग देई आणि गाडी सरळ उभ्या मनोऱ्यावर झेपावे. आपण उलटा हिशेब करू. १२८ मीटर चढायला किमान किती वेग हवा? २ × ९.८ × १२८ = २५०९, वर्गमूळ ५०.१, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. दिलेला वेग १९३. म्हणजे घर्षण, हवा, समोरचा वारा या सर्वांसाठी उरले ताशी तेरा किलोमीटर! साहजिकच अधूनमधून एखादी गाडी माथ्याच्या जरा अलीकडे थबके आणि उलट खाली येई. रचनाकारांनी हे गृहीतच धरले होते. सुरुवातीच्या मार्गावर चुंबकी ब्रेकच्या पट्ट्या वर येऊन उभ्या राहत. चुंबकाजवळून धातू वेगाने गेला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह निर्माण होतात आणि ते गतीला विरोध करतात. यासाठी बाहेरून वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी हा ब्रेक जात नाही.

पण सर्वच गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये या गाडीचा एक धातूचा तुकडा सुटून रांगेत उभ्या असलेल्या एका महिलेस लागला आणि तिला गंभीर इजा झाली. जुनी रचना कायमची बंद करण्यात आली. २०२४ मध्ये टॉप थ्रिल २ या नावाने नवी रचना आली. थोड्याच दिवसांत गाड्यांतील दुरुस्तीसाठी ती बंद ठेवावी लागली आणि २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिची युक्ती मात्र तुम्हाला फार जुनी वाटेल. विद्युत्‌चुंबकांच्या रांगेने गाडीला पहिला धक्का पुढे द्यायचा, ताशी ११९ किलोमीटरचा. ती मनोऱ्यावर थोडी चढते, परत येते. येताना दुसरा धक्का मागच्या दिशेने, वेग १६३. मागे दुसरा ४२० फुटांचा मनोरा आहे, त्यावर ती उलटी चढते आणि परत येते. मग तिसरा धक्का, १९३, आणि गाडी माथ्यापार! झोपाळ्यावर बसलेल्या बहिणीला तुम्ही झोका देता तेव्हा हेच करता. एकदम ढकलत नाही. योग्य क्षणी, गतीच्या दिशेने, थोडे थोडे.

वहीत आणखी एक स्तंभ होता : गाडी किती वेळा उलटी होते. रोलर कोस्टरचे चक्र गोल नसून थेंबासारखे का असते, हा प्रश्न थोरल्याचा. गोल चक्र घेऊन पाहू. माथ्यावर गाडीने नुसता मार्ग धरून ठेवावा इतका वेग असेल, तर तेथे लागणारे त्वरण गुरुत्वाकर्षणाइतके, म्हणजे १ ‘जी’. खाली येईपर्यंत गाडी दोन त्रिज्यांइतकी उतरते आणि वेगाचा वर्ग पाचपट होतो. म्हणून तळाशी ५ ‘जी’, शिवाय स्वतःचे वजन १, एकूण ६. चाळीस किलोच्या मुलाला त्या क्षणी आपण २४० किलोचे आहोत असे वाटेल. चक्र लहान केले म्हणून यात काही कमी होत नाही, कारण त्रिज्या हिशेबातून कटून जाते. आणि सरळ रुळावरून गाडी चक्रात शिरते त्या क्षणी हा ताण एकदम मानेवर आदळतो. १८९५ साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर असे गोल चक्र खरोखर बांधले होते. लोकांच्या माना दुखू लागल्या आणि काही वर्षांत ते गेले. १९७६ साली कॅलिफोर्नियातील एका रोलर कोस्टरसाठी जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने थेंबाच्या आकाराचे चक्र आखले. तळाशी वेग जास्त, म्हणून त्रिज्या मोठी. माथ्यावर वेग कमी, म्हणून त्रिज्या लहान. आणि मधला बदल हळूहळू. घाटातला किंवा रेल्वेचा वळणमार्ग आखणारे अभियंते हीच वक्ररेषा पूर्वीपासून वापरत होते. खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात २०१३ पासून नायट्रो नावाचा रोलर कोस्टर आहे. सहलीला गेलात तर बसण्यापूर्वी त्याच्या चक्राचा आकार बाहेरून निरखून पाहा.

हिशेब कितीही काळजीपूर्वक केला तरी शेवटी गाडी चालवून पाहावीच लागते. सीडर पॉइंटचाच मॅव्हरिक घ्या. २००७ साली तो बांधून तयार झाला, चाचण्या सुरू झाल्या आणि एका पिळदार वळणावर गाड्यांवर ताण फार पडतो असे दिसले. उद्घाटन पुढे ढकलले, उभारलेले वळण उतरवले आणि त्या जागी साधा मार्ग बसवला. मला विचाराल तर मॅव्हरिकचा सर्वांत अभिमानास्पद भाग हाच, जो आज तेथे नाही.

असो. आजोबांनी निकाल दिलाच पाहिजे, असा दोघांचा आग्रह होता. मी दिला तो असा. पहिला स्टील व्हेंजन्स, कारण दर मीटर उंचीमागे तो सर्वांत जास्त तरंगवतो. दुसरा मिलेनियम फोर्स. त्याची लांबरुंद वळणे सौम्य आहेत, पण सूत्राच्या इतक्या जवळ जाणारी गाडी मला मागे ठेववत नाही. तिसरा मॅव्हरिक : उंची केवळ १०५ फूट, तरी पहिला उतार ९५ अंशांचा, म्हणजे सरळ उभ्यापेक्षाही आत वळलेला. चौथा मॅग्नम, त्याच्या शेवटच्या टेकड्यांसाठी. टॉप थ्रिल २ पाचवा. यावर थोरला दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. ब्लू स्ट्रीकला मी क्रमांक दिला नाही, कारण साठ वर्षांपूर्वीच्या लाकडाने ताशी ६४ किलोमीटर वेगात माणसाला आसनावरून उचलावे, याची तुलना पोलादाशी करणे बरे नव्हे. धाकटीने वहीत त्याच्यापुढे एक चांदणी काढली.

मग थोरल्याला खूश करावे म्हणून आम्ही अंगणात एक प्रयोग केला. तुम्हीही करा. बागेला पाणी घालायची जुनी रबरी नळी दोन-अडीच मीटर घ्या, मोठ्यांच्या मदतीने ती लांबीला चिरून पन्हळ करा, एक टोक भिंतीला उंच बांधा आणि खाली चिकटपट्टीने एक गोल चक्र करा. वरून गोटी सोडा. चक्राच्या तळापासून किती उंचीवरून सोडली म्हणजे ती चक्र पार करते? घसरणाऱ्या वस्तूसाठी हिशेब म्हणतो, त्रिज्येच्या अडीच पट. पण गोटी घसरत नाही, गडगडते; तिच्या ऊर्जेचा काही भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो, म्हणून २.७ पट. आमची गोटी २.७ पटींवरून दर वेळी चक्राच्या माथ्याजवळून खाली पडत होती. थोरला एकेक बोट वर सरकत गेला. तीन पटी ओलांडल्या तेव्हा कोठे ती पार झाली. कारण धाकटीने शोधले : नळीच्या खाचेत गोटी बुडावर टेकतच नाही, दोन्ही कडांवर टेकते, म्हणून तेवढ्याच अंतरात जास्त वेळा फिरते आणि वाटेत कडांना घासतेही. दोघांनी मिळून ती उंची भिंतीवर पेन्सिलीने लिहिली आहे. भिंतीला रंग द्यायचे काम मी सध्या पुढे ढकलले आहे.